पंचवीस एप्रिलच्या आत शेगडी नाही

एप्रिलच्या दोन तारखेला सकाळी नोला पॅस्कोने पलंगाखालची निळी सुटकेस ओढून काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि पॅसेजमध्ये आणून उभी केली. आत काही भरलं नाही. नुसती उभी केली आणि स्वयंपाकघरात येऊन चहा ओतायला लागली.

तिचा नवरा ॲथल टेबलापाशी पेपर वाचत होता. त्याने सुटकेस पाहिली, पण विचारलं नाही. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तो एवढं शिकला होता की नोलाने एखादी वस्तू वाटेत ठेवली की तिचं कारण मागोमाग येतंच. आपण फक्त पेपर जरा वर धरायचा.

“व्हाल्डाचा फोन आला होता,” नोला म्हणाली.

व्हाल्डा तिची धाकटी बहीण. ती वर क्वीन्सलँडला राहते, जिथे माणसं ऐन जुलैच्या हिवाळ्यात अर्ध्या चड्डीत दूध आणायला जातात आणि वर ते फोन करून सांगतात.

“हॉकिंग नवरा-बायको चोवीस तारखेला कॅरॅव्हॅन घेऊन तिकडे निघालेत. त्यांच्या गाडीत एक जागा आहे. व्हाल्डा म्हणते, ये माझ्याकडे.”

“जा की. आठवडाभर हवापालट होईल.”

“आठवडाभर नाही. सप्टेंबरपर्यंत.”

पेपर खाली आला.

नोलाने दोन स्वेटर, त्यावर गाऊन आणि त्यावर ॲथलचा मासे पकडायला जातानाचा कोट घातला होता. “मी चिडून बोलत नाहीये,” ती म्हणाली. “सकाळी माझे गुडघे मला विचारतात, बाई, कशाला उठतेस? आणि माझ्याकडे उत्तर नसतं. तो बघ.”

तिने बैठकीच्या खोलीतल्या थर्मामीटरकडे बोट दाखवलं. नातीने नाताळात दिलेला, गोल तबकडीचा. काटा दहावर होता.

“दहा म्हणजे वाईट नाही. बाहेर चार आहे,” ॲथल म्हणाला.

“मी बाहेर राहत नाही, ॲथल.”

नोलाने कप दोन्ही हातांत धरला आणि अट सांगितली. “तेवीस तारखेला सकाळी सात वाजता तो काटा पंधरावर असला तर सुटकेस पलंगाखाली. नसला तर हॉकिंगच्या गाडीत. बैठकीतली लाकडाची शेगडी पेटव असं मी म्हणणार नाही. तुझी पंचवीस तारीख तुला लखलाभ. काय करायचं ते तू बघ.”

आता ही पंचवीस तारीख काय भानगड आहे ते सांगायला हवं. पंचवीस एप्रिल म्हणजे अँझॅक डे. लढाईवर जाऊन परत न आलेल्यांसाठी त्या दिवशी पहाटे सगळं गाव स्मारकापाशी उभं राहतं. आणि त्या दिवसाच्या आत घरात शेगडी पेटवायची नाही, हा बॅलरॅटमधल्या जुन्या लोकांचा दंडक. ती पोरं तिकडे खंदकात चिखलात उभी राहिली आणि तुम्हाला इथे सोफ्यावर बसून थंडी वाजते काय, असं काहीसं त्यामागे असावं. खरं कारण लाकूड वाचवणं हेच असणार, पण त्यापेक्षा हे सांगायला बरं वाटतं.

क्वॉर्ट्झ स्ट्रीटवर तर या दंडकाला शिक्षाही होती. ज्याच्या धुराड्यातून पंचवीसच्या आधी धूर निघेल त्याच्या फाटकावरच्या पत्रपेटीला हिवाळाभर एक लोकरी टोपी घालायची. टोपी मुळात चहाच्या किटलीची, शेजारच्या डेस ट्रेम्बाथच्या आईने विणलेली, नारिंगी आणि तपकिरी पट्ट्यांची, वर गोंडा. पोस्टमन तिच्याकडे बघून हसायचा. एकोणतीस वर्षांत ती ॲथलच्या पेटीवर एकदाही चढली नव्हती. डेसच्या पेटीवर चारदा चढली होती, आणि चारही सालं ॲथलला तोंडपाठ होती.

त्यामुळे पहिला दिवस ॲथलने नोला काय, बोलतेच, असं म्हणून घालवला. थंडीवर त्याचा एकच उपाय होता, आणखी एक स्वेटर चढव. हे तो बायकोला, मुलांना, आणि एकदा घरी आलेल्या डॉक्टरलाही सांगून चुकला होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सुटकेसवर शिवणाचा डबा दिसला आणि त्याने पेपर न उघडताच ठेवून दिला. नोला आजवर मुलीकडे गेली, हॉस्पिटलात गेली, पण शिवणाचा डबा कधी घराबाहेर गेला नव्हता.

घरही काही सोपं नव्हतं. कधीकाळी सोन्याच्या खाणीत राबणाऱ्या कुणीतरी, उद्या सोनं सापडलं की मोठं बांधू, या भरवशावर ते फळ्यांचं घर घाईघाईत ठोकलं होतं. सोनं सापडलं नाही आणि घर तसंच राहिलं. वारा पुढच्या दारातून यायचा, सगळ्या खोल्यांची चौकशी करून मागच्या दारातून जायचा. ॲथल याला हवा खेळती असणं म्हणायचा.

तिसऱ्या दिवशी तो वाचनालयात गेला. तिथे पुस्तकांसारखीच एक पेटीही घरी नेता येते असं डेसच्या सुनेने कधीतरी सांगितलं होतं. घराची ऊब कुठून गळते ते शोधायची पेटी. काउंटरवर हिरव्या केसांची एक मुलगी होती.

“घर गरम करायचंय का तुम्हाला?” तिने विचारलं.

“अजिबात नाही. थंड व्हायचं थांबवायचंय. पंचवीसच्या आत गरम कसं करणार?”

“पंचवीसच्या आत का नाही?”

ॲथलने तिच्याकडे दयेने पाहिलं. पोरगी मेलबर्नकडची असणार.

पेटीत एक कॅमेरा होता. तो भिंतीवर रोखला की ऊब नारिंगी दिसते आणि थंडी निळी. घरी आल्यावर ॲथलने आधी मांजरावर रोखला. सार्जंट नावाचा तो बोका डोक्यापासून शेपटीपर्यंत नारिंगी दिसला. मग नोलावर रोखला. ती बरीचशी नारिंगी होती, पण नाक गडद निळं.

“हे बघ तुझं नाक.”

“मला माहीत आहे माझं नाक. पंचेचाळीस वर्षं त्याच्यासोबत मी या घरात राहतेय.”

मग कॅमेरा भिंतींवर फिरला आणि ॲथलचा चेहरा उतरला. पुढच्या दाराखाली निळा पट्टा. खिडक्यांच्या चौकटींभोवती निळ्या रेघा. जमिनीलगतच्या लाकडी पट्टीखाली निळं, न्हाणीघरातल्या पंख्याच्या भोकातून निळं, मांजराच्या दारातून तर निळ्याचा ओढा वाहत होता. ज्या घराच्या जिवावर तो एकोणतीस वर्षं मिशीला ताव देत होता, ते घर म्हणजे चाळणी निघालं. थंडी सोसणं वेगळं आणि चाळणीत बसून थंडी सोसणं वेगळं, हे त्याला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं आणि खरंच राग आला, आधी घराचा आणि मग थोडा स्वतःचा.

दुसऱ्या दिवसापासून माणूस पेटला. डोळ्यांत तेल घालून काम म्हणतात तसं. फोमची चिकटपट्टी आणली आणि दारं-खिडक्यांच्या चौकटींना आतून लावली. लाकडी पट्टीखालच्या फटी नळीतल्या पुट्टीने भरल्या. खालच्या खोलीतली जुनी चूल कुणी वापरत नव्हतं, तिच्या धुराड्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली उशी कोंबली. नव्या टीव्हीच्या खोक्यातला फुगेवाला प्लॅस्टिक कागद त्याने चार वर्षं शेडमध्ये सांभाळला होता. नोला तो फेकायला निघाली की तो म्हणायचा, राहू दे, लागेल. आता त्याने काचांवर पाणी फवारलं आणि तो कागद कापून चिकटवला. बाहेरचं सगळं धूसर दिसायला लागलं.

“मला डेसचं घर दिसत नाही,” नोला म्हणाली.

“हा त्यातला फायदा.”

छपराच्या पोटमाळ्यावर चढला तेव्हा तिथली ऊब धरायला घातलेली कापसाची गादी एका कोपऱ्यात गोळा झालेली आढळली. तिच्यात एक पॉसम, मांजराएवढं झाडावरचं जनावर, गाढ झोपलं होतं. म्हणजे इतकी वर्षं घरात उबेत एकच जीव राहत होता. ॲथलने संध्याकाळी ते बाहेर पडेपर्यंत वाट पाहिली, गादी पसरली आणि भोकाला जाळी ठोकली.

पडदे जुन्या कपड्यांच्या दुकानातून आले, निळे, जाड, कुठल्याशा नाटकवाल्यांनी टाकून दिलेले. दांडीवरून थंडी घरंगळू नये म्हणून त्याने प्रत्येक पडद्याच्या डोक्यावर फळी ठोकली. दिवसा उन्हाच्या बाजूचे पडदे उघडे आणि चार वाजता सगळे बंद, असं वेळापत्रक फ्रीजवर लागलं. नोलाच्या खोलीतल्या खिडकीला त्याने सगळ्यात जाड पडदा लावला. नोला मागच्या खोलीत झोपायची, कारण ॲथल घोरायचा. घोरण्याबद्दल त्याचं मत वेगळं होतं, पण दोन खोल्यांची सवय पडून बारा वर्षं झाली होती.

“ही खिडकी घट्ट बसते ना?” त्याने विचारलं.

“घट्ट बसते,” नोला म्हणाली. दुपारची वेळ होती आणि खिडकी घट्ट बसली होती. कॅमेऱ्यातही ती शहाण्यासारखी दिसली.

“आणि खोलीचं दार लावून झोप. ऊब पळते.”

“दार मी लावणार नाही. मला कोंडल्यासारखं होतं.”

एवढी एक गोष्ट ॲथलने सोडून दिली. सुटकेस पॅसेजमध्ये होती, फार ताणण्यात अर्थ नव्हता.

राहिला दाराखालचा पट्टा. त्याला उपाय म्हणजे साप. कापडाची लांब नळी शिवायची, आत वाळू भरायची आणि दाराशी आडवी टाकायची, याला आमच्याकडे दारातला साप म्हणतात. नोलाच्या पलंगावर कपड्यांचे दोन ढीग होते. ॲथलने त्यातल्या एकातून एक करडी विजार उचलली, दोन्ही पाय कापले, एकमेकांना जोडून शिवले आणि वाळू भरली. डोळे म्हणून दोन बटणं लावली. साप चांगला जाडजूड झाला. त्याने तो पुढच्या दाराशी टाकला आणि लांबून कौतुकाने बघितला.

पंधरवड्यात काटा दहावरून बारावर आला, मग तेरावर. नोलाने मासेमारीचा कोट उतरवला. हे ॲथलने पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

त्याच सुमारास त्याने स्वयंपाकघरातल्या विजेच्या भट्टीचा मार्ग शोधला. शेगडी पेटवायची नाही हे खरं, पण जेवण बनवायला मनाई नव्हती. रोज संध्याकाळी तो भोपळ्याचे स्कोन, म्हणजे छोटे गोल पाव, भाजायला लागला. स्कोन झाले की भट्टीचं दार उघडं ठेवायचं आणि तिच्यासमोर खुर्ची टाकून पेपर वाचायचा. चौथ्या दिवशी डेस मागच्या दाराने आला आणि ते दृश्य बघून थबकला. डेस लहानखुरा, कमरेवर हात ठेवून बोलणारा माणूस.

“हे काय चाललंय?”

“स्कोन.”

“स्कोन ताटलीत आहेत. भट्टी का उघडी?”

“थंड होतेय.”

“म्हाताऱ्या, ही शेगडीच झाली. सरळ सरळ लबाडी.”

“धूर दिसतोय का धुराड्यातून? नियम धुराचा आहे. तुझ्या आईचाच नियम.”

डेसने एक स्कोन खाल्ला, दुसरा खाल्ला आणि विचार करून म्हणाला, “एका अटीवर. मला रोज सहा.” अशा रीतीने पंचांनी निकाल दिला. नोला सिंकपाशी पाठ करून उभी होती, पण तिचे खांदे हसत होते.

वीस तारखेला काटा चौदावर पोचला आणि तिथे अडला. एकवीसला चौदा. बावीसला चौदा. ॲथलने मांजराचं दार आणखी एक फळी मारून बुजवलं. तरी सार्जंट रोज रात्री बाहेर जायचा आणि रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर असायचा. नोला लवकर उठून त्याला आत घेत असेल असं ॲथलने धरलं. ॲथल घेत असेल असं नोलाने धरलं. बोका काही बोलला नाही.

बावीसच्या संध्याकाळी सुटकेसमध्ये कपडे गेले. नोलाने ते भांडून भरले नाहीत, घडी करकरून भरले, आणि तेच वाईट होतं.

“एक डिग्रीने काय होतंय?” ॲथल म्हणाला.

“तुझ्या एका दिवसाने काय होतं ते मी कधी विचारलंय?” नोला म्हणाली. मग जरा मऊ आवाजात, “तू खूप केलंस, ॲथल. मला दिसतं. पण मी शब्द दिलाय व्हाल्डाला. शब्द म्हणजे शब्द, हे मला कुणी शिकवलं?”

ॲथल उठला आणि पडदे आणखी घट्ट ओढून आला.

तेवीस तारखेला तो पहाटे पाचलाच उठला. बॅटरी घेऊन थर्मामीटरपाशी गेला. चौदा. त्याने तबकडीवर टिचकी मारली. चौदा. सार्जंट खुर्चीवर बसून त्याच्याकडे बघत होता. तो कुठून आला हे विचारायचं ॲथलच्या डोक्यातही आलं नाही. त्याने अंधारात सगळ्या चौकटींवरून हात फिरवला, साप पायाने आणखी रेटून बसवला, आणि वळताना पॅसेजमध्ये सुटकेसला अडखळला. तीन आठवडे तो रोज तिला अडखळत होता, पण आज ती जड होती. जागची हलली नाही.

तो तिथेच तिच्यावर बसला. मे, जून, जुलै, ऑगस्ट, त्याने बोटांवर मोजलं, आणि सप्टेंबर. पाच महिने तो या बुजवलेल्या, चांगल्या चौदा डिग्रीच्या घरात एकटा बसणार होता. स्कोन भाजणार आणि डेसला देणार. घोरू नकोस असं सांगायला कुणी नसणार. त्याला तिची इतकी आठवण आली की ती दोन भिंतींपलीकडे झोपली आहे हेसुद्धा तो विसरला.

मग तो उठला आणि बैठकीच्या खोलीत गेला. पेपर चुरगळला, त्यावर काटक्या रचल्या, सुक्या निलगिरीचा एक ओंडका ठेवला आणि काडी ओढली. एकोणतीस वर्षं आणि एक काडी. पेटवताना त्याला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही.

पावणेसातला नोला बाहेर आली तेव्हा काटा सतरावर होता. तिने शेगडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तो पेपर जरा वर धरून बसला होता.

“आज तेवीस आहे,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“शेगडी पेटव असं मी म्हटलं नव्हतं.”

“पेटवू नको असंही म्हटलं नव्हतंस. पंधरा पाहिजे म्हणालीस. सतरा आहे. दोन वर.” पेपर खाली आला. “तू जाऊ नको, नोला. बस्स.”

नोला त्याच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि काही बोलायला तोंड उघडलं, इतक्यात मागचं दार वाजलं. गाऊन घातलेला डेस. त्याने किटलीची टोपी बशीवर ठेवून आणली होती, वर स्वच्छ रुमाल झाकून.

“पाच वाजून बावीस मिनिटं,” तो म्हणाला. “मी वेळ लिहून ठेवलीय. एकोणतीस वर्षं वाट बघितली मी या सकाळची. आई असायला हवी होती.”

“दे इकडे,” ॲथल म्हणाला.

“थांब, मला जरा मजा घेऊ दे.” डेस शेगडीसमोर पाठ शेकत उभा राहिला. “पण खरं सांगू का गड्या, तुझी कीवच येते. एवढा खटाटोप करायचा, उशा कोंबायच्या, साप शिवायचे, आणि रोज रात्री खिडकी उघडी टाकून झोपायचं. हे मी तरी कुठे पाहिलं नाही.”

“कुठली खिडकी?”

“मागची. माझ्या स्वयंपाकघरासमोरची. तो नाटकातला पडदा अर्धा बाहेर लोंबत असतो. तुमचा बोका पहाटे तिथूनच आत जातो. मला वाटलं, मुद्दाम उघडी ठेवलीय, काहीतरी नवीन शास्त्र असेल.”

ॲथलने पेपर घडी करून ठेवला आणि नोलाकडे वळला. नोलाचा चेहरा त्याने इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. चोर पकडला गेला की होतो तसा नव्हता. आपणच चोर आहोत हे चोराला आत्ता कळलं की होतो, तसा होता.

“ती उघडी नसते,” ती म्हणाली. “चार बोटं असते.”

“चार बोटं.”

“हवेपुरती. ती... ॲथल, ती खिडकी रात्री तशीच असते. आई म्हणायची, बंद खोलीत झोपलेलं माणूस सकाळी शिळं उठतं. ती नर्स होती, आम्हा पोरींना हिवाळ्यात व्हरांड्यात झोपवायची. लहानपणापासून मी दिवा मालवला की खिडकी चार बोटं वर करते आणि सकाळी उठले की खाली. ते काही मी करते असं मला वाटतच नाही.”

“मी तुला विचारलं होतं, खिडकी घट्ट बसते का.”

“बसते. लावली की घट्ट बसते.”

“आणि वर दारही उघडं.”

“दार उघडं ठेवते हे मी सांगितलं होतं,” नोला म्हणाली. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडते आहे असं वाटून ॲथल अर्धा उठला, पण ती हसत होती. गदगदून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “तीन आठवडे,” ती म्हणाली. “तीन आठवडे तू दिवसभर भोकं बुजवत होतास, आणि रात्री मी...”

ॲथलला खरं तर संतापायचं होतं. त्याने तशी सुरुवातही केली, पण चेहऱ्यानेच साथ दिली नाही. शेवटी तिघंही हसले. डेस जास्त हसला, कारण त्याचं काहीच गेलं नव्हतं.

टोपी कुणाची, यावर मात्र वाद झाला. नोला म्हणाली, चूक माझी, टोपी माझी. डेस म्हणाला, नियम धुराचा आहे, खिडकीचा नाही, माझ्याच आईचा नियम. ॲथलने वाद ऐकून घेतला, बशीवरून टोपी उचलली, चपला घालून फाटकापर्यंत गेला आणि पत्रपेटीवर चढवली. गोंडा सरळ केला. त्या दिवशी पोस्टमन हसला तेव्हा ॲथलने त्याला हात केला.

चोवीसला हॉकिंगची कॅरॅव्हॅन दाराशी येऊन भोंगा वाजवून गेली. नोलाने फाटकातून स्कोनची पिशवी दिली, दोन व्हाल्डासाठी वेगळे बांधून, आणि परत आली. सुटकेस पलंगाखाली गेली. शेगडी ॲथलने आदल्या दिवशी दुपारीच विझू दिली होती. हरलो ते एका सकाळपुरतं, असं त्याचं म्हणणं.

संध्याकाळी नोला उद्याचे कपडे काढत होती. पहाटे स्मारकापाशी ॲथल दरवर्षी करडा सूट घालायचा आणि कोटाच्या उजव्या बाजूला वडिलांची पदकं लावायचा. सूटचा कोट होता.

“ॲथल, याची विजार कुठे आहे? मी पलंगावर काढून ठेवली होती इस्त्रीला. जुन्या कपड्यांच्या ढिगाशेजारी.”

ॲथल पुढच्या दाराकडे बघायला लागला. नोलाही बघायला लागली. करडा साप दोन बटणांनी दोघांकडे बघत होता.

“अरे देवा,” नोला म्हणाली. “दे इकडे. आत्ता उसवते. पाय परत जोडून होतील, लांबून कळायचं नाही.” शिवणाचा डबा परत आपल्या जागी आलेला होताच.

“राहू दे.”

“राहू दे काय? उद्या काय घालून जाशील?”

“राहू दे म्हणतो ना,” ॲथल म्हणाला.

नऊ वाजता तो नोलाच्या खोलीत डोकावला. ती गळ्यापर्यंत पांघरूण ओढून ताठ पडली होती. खिडकी बंद होती, आणि नोलाचे डोळे उघडे होते.

“झोप येत नाही?”

“येईल. सवय होईल. मरते थोडीच आहे एका खिडकीने.”

ॲथलने पडदा बाजूला केला आणि खिडकी वर उचलली. चौकटीत हात आडवा धरून मोजली. चार बोटं, अंगठा सोडून. मग कपाटातून आणखी एक रजई काढून तिच्यावर टाकली, आणि बाहेर येऊन खोलीचं दार लावून घेतलं.

“दार लावू नको,” आतून आवाज आला.

“खिडकी उघडी आहे, कोंडणार कशी? थंडी तुझ्या खोलीत राहू दे, घर माझ्याकडे.”

“हे तू आधी का नाही केलंस?”

“आधी मला खिडकी माहीत नव्हती,” ॲथल म्हणाला. त्याने पुढच्या दाराशी पायपुसणं गुंडाळून ठेवलं, साप उचलून आणला आणि नोलाच्या दाराखाली नीट दाबून बसवला, फट राहू नये असा.

पहाटे पावणेपाचला, शेगडी थंड असताना, काटा पंधरावर होता. ॲथलने नोलाला ओढत आणून दाखवलं. तिने चष्मा लावला, पाहिलं, आणि त्याचा मफलर नीट केला.

स्मारकापाशी गार वारा सुटला होता. ॲथल ओळीत डेसशेजारी उभा राहिला. वर करडा कोट, वडिलांची पदकं चकचकीत, आणि खाली गुडघ्यांवर मातीचे डाग असलेली बागकामाची विजार. बिगुल वाजला, सगळं गाव खाली मान घालून निःशब्द उभं राहिलं, आणि नोलाने त्याचा हात धरला. तिचा हात कोमट होता. लोक पांगायला लागल्यावर डेसने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“एकोणतीस वर्षं सूट बघतोय तुझा. विजार कुठे आहे?”

“घरी,” ॲथल म्हणाला. “बायकोच्या दाराशी ड्युटीवर आहे.”